सायमाआजींच्या दह्याची तार

सायमाआजींच्या दह्यातून चमचा उचलला की मागोमाग हातभर तार यायची. ती न तुटता तोंडात गेली तरच ते दही, हा आजींचा कायदा. विरजण त्यांच्या आईचं. युद्धात फिनलंडच्या पूर्वेचं, करेलियातलं घर सोडताना दह्यात बुडवून वाळवलेलं एक फडकं तिने छातीशी धरून बर्फातून आणलं होतं.

लाकडी घर विकून आजी शरदात आमच्या इमारतीत आल्या आणि तार तुटायला लागली. त्यांनी वाडगा हीटरवर ठेवला, वर लोकरी मफलर गुंडाळला. तार पार गेली.

शेजारचा ऑस्मो चाखून म्हणाला, "मावशी, हे पेन्शनीत निघालं वाटतं."

"तुझे केस निघाले तसे?"

शनिवारी नात वेनला आली. दुग्धशाळेत जंतूंचंच काम करते ती. मफलर बघून किंचाळलीच, "आजी! लाडाने बिघडवलंस. गारठले की हे जंतू अंगाभोवती साखरेच्या तारा विणतात. उबेत कशाला विणतील?"

आजींनी मफलर सोडवला. "जुन्या घरी दह्याच्या कोठीत मी स्वेटर घालूनच जायचे गं," मग हळूच, "आणि ते विणायचं कायमचंच विसरले असले तर?"

"तसंही होतं कधी कधी," वेनला म्हणाली.

ताजं दूध, चमचाभर विरजण, आणि वाडगा गेला तळघरात, सायकलींच्या शेजारी. रविवारी दूध तसंच पातळ. सोमवारी जरा घट्ट, पण हलवायला आजींनी बंदी केली. मंगळवारी दुपारी आम्ही सगळे कोट चढवून खाली.

आजींनी चमचा बुडवला, उचलला. हनुवटीपर्यंत तार. कपाळापर्यंत. बारीक, चकचकीत, थरथरणारी.

"ऑस्मो, स्टूल!"

"पडलात तर मी उचलणार नाही हं."

"मला नको उचलूस, चमचा धर!"

ऑस्मो स्टुलावर चढला, हात छताकडे. तार वाडग्यापासून चमच्यापर्यंत सलग! वेनलाने टाळ्या पिटल्या. आजींनी मात्र डोळे पुसले आणि खिशातून पांढरं स्वच्छ फडकं काढून दह्यात बुडवलं.

"वेनला, हे वाळव आणि तुझ्याकडे ठेव. मफलर गुंडाळलास तर याद राख."

"मफलर मी गुंडाळला होता का?"

"उलट बोलू नकोस."

वरून ऑस्मो कळवळून म्हणाला, "मावशी, हात भरून आला. आता खाऊ?"

"खा. पण तुटू देऊ नकोस."