हबीब मास्तरांचा पोलादी डबा

हबीब मास्तर माझ्या सोड्याच्या कारखान्यात आले की आधी गॅसच्या लोखंडी बाटल्याची विचारपूस करायचे, मग माझी. बाटला तिरका करून हलवायचे आणि कान लावायचे. सकाळच्या गारव्यात आतला पातळ गॅस डुचमळताना ऐकू यायचा. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापला की तोच बाटला मुका. "ना धड पाणी, ना धड हवा," ते म्हणायचे. "उकाड्यात अन् दाबात कोंडलं की असंच व्हतंय, शिवरामभाऊ. माझ्यावानी."

निजामाचं राज्य होतं. कारखाना म्हणजे धाराशिवात एक खोली, एक चाकाचं मशीन आणि बाटल्या धुणारी माझी बायको गंगू. मास्तर त्याआधी हैदराबादेला कॉलेजात होते. हा असला मधलाच गॅस दाबाखाली कोळशाला किती चिकटतो, ते मोजायचं काम त्यांच्याकडं होतं. तेवढ्यात वडिलांना लकवा झाला. आई नाही, भाऊ नाही. कॉलेजानं टाकून दिलेला पोलादी डबा उचलून ते गावी आले अन् शाळेत लागले. पक्कं मोजमाप आणलंस तर परत घेतो, असं त्यांचे प्रोफेसर म्हणाले होते. तेवढ्या एका शब्दावर माणूस जगत होता.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ते डब्यात कोळसा भरायचे, पेचाचं झाकण आवळायचे, माझ्या बाटल्यातून गॅस सोडायचे. ऊब कमीजास्त होऊ नये म्हणून डबा कोमट पाण्याच्या घंगाळात. ते घंगाळ गंगूचं. मग पुसून तराजूवर.

"काय मास्तर, डबा गाभण ऱ्हायला का?" गंगू विचारायची.

"पोट फुगलंय वैनी, पण वाऱ्यानं."

अडचण तीच होती. वजन वाढायचं, पण त्यात कोळशाला चिकटलेला गॅस किती आणि फटीत नुसता कोंडलेला किती, हे कळत नव्हतं. माणूस हट्टी, गाढवासारखा. कित्येक महिने तेच. एकदा फुटक्या सोडाबाटल्यांच्या गोट्या गंगू वेचत होती. मास्तर बघत राहिले, मग त्या मागून घेतल्या. कोळशानं जेवढी जागा अडवली होती, तेवढीच गोट्यांनी अडवली, तसाच गॅस भरला. काचेला गॅस चिकटल्यात जमा नाही. दोन्ही वेळच्या वाढीत जो फरक निघाला, तो कोळशाला चिकटलेला गॅस.

मास्तर खाली फरशीवर बसले. हसले नाहीत.

"आता निघा हैदराबादेला," मी म्हणालो.

"अब्बांची कूस कोण बदलील?"

ज्या मोजमापासाठी जीव टाकला ते हातात, आणि पाय दाराबाहेर निघेना.

पुढं रस्ते बंद झाले, मग राज्यच बदललं. त्यानंतर वडील गेले. दफन करून काही दिवसांनी मास्तर कारखान्यात आले. पुन्हा कोळसा अन् गॅस भरून ठेवलेला डबा कोपऱ्यात तसाच होता. मी रोखठोक माणूस. म्हणालो, "आता कुणी अडवत न्हाय. जावा की."

त्यांनी डब्याचा पेच हळूच सैल केला. फुस्स आवाज झाला आणि थांबला. मला म्हणाले, "लावा हात." वैशाखाची दुपार, आणि डबा बर्फागत गार.

"सुटा गॅस झटक्यात गेला, भाऊ. चिकटलेला आत्ता कुठं निघाय लागलाय, हळूहळू, गारठवत. झाकण उघडलं म्हंजे सुटलं, असं नसतंय."

ते हैदराबादेला गेलेच नाहीत. त्याच शाळेत म्हातारे झाले, इथंच मातीत गेले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. भित्रा म्हणालो होतो, तोंडावर.

औंदा गंगू गेली. तेराव्याला जमलेली माणसं जेवून आपापल्या गावी गेली. पोरगा पुण्याहून आलाय. सामान बांधून दारात उभा आहे. म्हणतो, "दादा, आता इथं काय ऱ्हायलंय? चला."

घंगाळ न्हाणीत आहे. सकाळी त्याला हात लावून बघितला.

पोराला म्हणालो, "तू जा म्होरं. झाकण आत्ताच उघडलंय."