संघदीपने फाइल आवरली

फाइल आवर, असं संघदीपला मीच म्हणालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाचून लोक त्यालाच बोल लावतील.

कारंजा लाडला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आम्ही वेबसाइट बनवतो. आम्ही म्हणजे दोघंच: मी मुबश्शिर आणि केनवडचा संघदीप. सहा वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ पाहून पीएचपी ही वेबसाइट लिहायची भाषा शिकलेला होता. मी चिडका माणूस, माझ्या हाताखाली कोणी वर्षभर टिकत नाही. हा टिकला. मी ओरडलो की हा मान खाली घालून काम करत राहायचा, आणि तासाभरानं चूक माझीच निघायची.

त्याचे वडील इंद्रभानकाका एसटीत कंडक्टर होते. बायको त्यांच्याच गाडीत चढली तर तिचंही तिकीट फाडायचे. घरात एकच कायदा, ओळख लावायची नाही. जे मिळेल ते रांगेत उभं राहून. काकू गेल्या, काका निवृत्त झाले, पण कायदा तसाच राहिला.

वाशीमच्या एका संस्थेचं नर्सिंगचं प्रशिक्षण आहे. मुलींना दोन वर्षं राहणं-जेवण फुकट, जागा वीस. त्यांचे अर्ज आमच्या वेबसाइटवर भरले जातात. गेल्या वर्षी संघदीपची धाकटी बहीण धम्मदीपा हिनंही अर्ज भरला. वयाच्या अटीत तिचं ते शेवटचं वर्ष होतं. आईच्या आजारपणात दवाखान्यात महिनाभर तीच राहिली होती, आणि तेव्हापासून तिला नर्सच व्हायचं होतं. दुसरं काही सुचवलं की ती उठून आत निघून जायची.

अर्जांची सगळी माहिती संघदीपच्या हातात होती. निकालाची यादी त्यानंच चढवली, ती फाइल न उघडता.

"तुझ्या बहिणीचं नाव तरी पाहून घे," मी म्हणालो.

"नाई भाई. तिले जवा कळन तवाच मलेबी कळन."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. वेबसाइटवर कोणता पत्ता उघडला की कोणतं पान दाखवायचं, हे लिहून ठेवावं लागतं. त्याला रूट म्हणतात. आम्ही वापरतो त्या तयार सांगाड्यात, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये, रूट गटागटानं ठेवायला क्लास नावाचे कप्पे असतात. संघदीपनं सगळे रूट एकाच फाइलमध्ये लिहिले होते, सुचतील तसे, चारशे ओळी. ती फाइल पाहिली की माझं डोकं फिरायचं. मी म्हणालो, "हा काय पसारा आहे? फ्रेमवर्कमध्ये क्लास कायले देल्ले? अर्जाचे रूट एका क्लासमध्ये टाक, निकालाचे दुसऱ्या. शिकल्यासारखं दिसू दे जरा!"

निकालाच्या तोंडावर त्यानं दोन दिवस खपून आवरलं. काम इतकं सुरेख झालं होतं की मी त्याला नाश्ता खाऊ घातला.

पण फ्रेमवर्क रूट वरून खाली वाचतं, आणि जो आधी जुळेल तो घेतं. अर्ज या शब्दापुढे काहीही आलं तर तो अर्जाचा क्रमांक समजायचा, असा एक रूट होता. अर्ज आणि त्यापुढे निकाल, हा दुसरा. जुन्या फाइलमध्ये निकालाचा वर होता, म्हणून चालत होतं. क्लास केल्यावर ते नावाच्या अक्षरानुसार वाचले जाऊ लागले आणि अर्जाचा क्लास निकालाच्या आधी आला. निकाल उघडला की वेबसाइट "निकाल" नावाच्या क्रमांकाचा अर्ज शोधू लागली आणि सांगू लागली: तुमचा अर्ज आढळला नाही. संघदीपच्या लॅपटॉपवर रूटची जुनी यादी साठवलेली होती, त्यामुळे तिथं सगळं बरोबर दिसलं.

सोमवारी सकाळी निकाल लागला. मंगळवार संध्याकाळपर्यंत सत्तावन्न फोन आले. संघदीपनं चूक शोधली, दोन मिनिटांत दुरुस्त केली. ज्यांनी फोन केले होते त्यांना आम्ही कळवलं.

"बाकीच्याईले मेसेज टाकू का?" त्यानं विचारलं होतं.

"कायले? ज्याले गरज आहे तो पुन्हा पाहीन," मी म्हणालो.

निवड झालेल्यांनी बुधवारपर्यंत त्याच पानावर होकार द्यायचा होता. नाही दिला तर जागा पुढच्या मुलीला.

रविवारी संघदीप घरी जाऊन आला. मी विचारलं तर म्हणाला, "नाई लागला म्हणे तिचा नंबर." मला वाईट वाटलं. त्याच्या ताठपणाचा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

पुढे धम्मदीपा रिसोडला एका कापड दुकानात कामाला लागली.

यंदा एप्रिलमध्ये माझ्या बहिणीच्या, उमेराच्या, लग्नाची पत्रिका द्यायला मी केनवडला गेलो. रविवार होता, सगळे घरीच होते. इंद्रभानकाका खाटेवर बसले होते, धम्मदीपा चहा गाळत होती. मला गप्प बसवत नाही. मी संघदीपची थट्टा करायला लागलो. "काका, यंदा याच्यावर ध्यान ठेवा. मागच्या साली यानं अशी फाइल आवरली का दीड दिवस जो तो निकाल पाहे त्याले 'अर्ज आढळला नाही'! सत्तावन्न फोन आले!"

मी एकटाच हसलो.

धम्मदीपा गाळणी हातात धरून उभी राहिली. "मलेबी तसंच आलं होतं, मुबश्शिरभाऊ. सोमवारी."

संघदीप तिच्याकडे वळला. "मंग तू मले काहून नाई इचारलं?"

"तुले कसं इचारू? वशिला लावल्यासारखं झालं असतं ना. मले वाटलं, त्याईनं माझा अर्जच काढून टाकला. मी गुपचूप राह्यली."

संघदीपनं मोबाइल काढला. मागच्या वर्षीची यादी उघडायला त्याला तीनदा पासवर्ड टाकावा लागला. मी प्रार्थना करत होतो की तिचं नाव त्यात नसावं. कोणाच्या लेकीसाठी अशी दुआ मी कधी मागितली नव्हती.

"चौथा," तो म्हणाला.

"काय चौथा?"

"तुहा नंबर. तू चौथी होती, धम्मा."

ती ओरडेल, मला दाराबाहेर काढेल, असं मला वाटलं. तिनं तसं केलं असतं तर फार बरं झालं असतं. पण तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी समोरच होतो. गाळणी खाली ठेवून ती धावत खाटेपाशी गेली.

"बाबा, आयकलं का? माझा नंबर लागला होता! वीसात चौथा!"

काकांनी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. संघदीप भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडत होता. आणि ती त्यालाच विचारत होती, "दादा, मले त्या यादीत माझं नाव दाखव ना."