दादांनी मोकळी केलेली वाट

आमदाराच्या ऑफिसात नोकरी केली की पगार पुरो न पुरो, किस्से मात्र पोत्याने साठतात. दोन हजार सालानंतर मी भिवंडीत आमच्या दादांचा पीए होतो. पॉवरलूमवाले भारनियमनाने कावले होते, हायवेला गोदामं उगवत होती आणि दादा नुकतेच निवडून आले होते. चहा मागवा, सांगतो.

*

दादांची पार्श्वभूमी विचारली की उत्तर एकच, "आपण शेतकरी!" हायवेला लागून त्यांची भातखाचरं होती. म्हणजे एके काळी. एकदा मुंबईहून पत्रकार आला. त्याला खिडकीतून नुसते गोदामांचे पत्रे दिसले.

"दादा, शेत कुठंय?"

"हे काय समोर!"

"पीक कोणतं घेता?"

"भाडं!" दादा म्हणाले. "बारमाही!"

त्याने ते जसंच्या तसं छापलं. दुसरा कोणी तोंड लपवत फिरला असता. दादांनी कात्रण फ्रेम करून ऑफिसात टांगलं! छापून आलेलं काहीही टांगायची त्यांना हौसच होती.

*

अधिवेशनात दादांचा मुक्काम कॅन्टीनमध्ये. विधेयक मताला आलं की पक्षाचा माणूस येऊन सगळ्यांना आत हाकायचा. दादा दारातच शेजाऱ्याला विचारायचे, "हो म्हणायचं का नाही?" विधेयक कशाचं, ही चौकशी त्यांनी कधी केली नाही.

असंच एकदा वीजचोरीचा दंड वाढवायचं विधेयक आलं. दादा तोंडात बटाटेवडा ठेवून "हो" म्हणाले. पुढच्याच आठवड्यात भिवंडीत त्याविरुद्ध लूमवाल्यांचा मोर्चा निघाला. सगळ्यात पुढे कोण? दादा!

लूममालक अन्सारीचाचा हळूच जवळ आले. "दादा, आपने तो खुद हाँ बोला था ना?"

"चाचा, आवाजी मतदान था. सब चिल्लाये. उसमें मेरा आवाज अलग सुना आपने?"

मला हसू आवरेना आणि लाजही वाटत होती.

*

दर सोमवारी पडघ्याच्या वरच्या पाड्यावरून जनीबाई यायची. पाड्याची विहीर खाली, आणि विहिरीची वाट एका शेठच्या प्लॉटमधून. शेठ तिथं गोदाम बांधत होता. वाट बंद झाली की पाण्यासाठी डोंगराला वळसा!

"दादा, त्याला गोदाम बांधू द्या, पर आमची वाट सोडाया सांगा. सून पोटुशी हाय. ती हंडा घेऊन डोंगर कशी चढंल?"

"आक्का, तू घरी जा. मी विधानसभेत प्रश्न टाकतो!"

आणि टाकला हो! लिहिला मी, सही दादांची. एवढ्या एका कामाला तरी हा माणूस उभा राहील, असं मला मनापासून वाटलं होतं.

*

प्रश्नाची तारीख लागली. सकाळी मी म्हटलं, "दादा, आज आपला प्रश्न आहे, निघायला हवं."

"आधी एक उद्घाटन उरकू."

उद्घाटन त्याच शेठच्या गोदामाचं! लाल फीत बांधली होती ती नेमकी वाटेवर. दादांनी कात्री उचलली, तेवढ्यात विहिरीकडून जनीबाई भरला हंडा डोक्यावर घेऊन आली. मागे सून.

"दादा, तुमी हितं? आज आमचा प्रश्न हाय ना मुंबैला?"

"आहे ना! आज अख्ख्या विधानसभेत तुझाच प्रश्न!"

"मंग तितं बोलतं कोन?"

दादांनी घाईघाईने फीत कापली. "या आक्का, पयल्या तुमी!" टाळ्या पडल्या. फोटोवाल्याने फोटो मारला. जनीबाई आणि सून त्या टाळ्यांमधून पाड्याकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली ओळ: 'आमदारांनी पाड्याची वाट मोकळी केली.' लगेच फ्रेम, लगेच भिंतीवर!

सोमवारी जनीबाई आली. गोदामाला लोखंडी गेट बसलं होतं आणि सून डोंगरावरून पाणी आणत होती, हे मला तिच्या शेजारणीने आधीच सांगितलं होतं. जनीबाई थेट त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

"कसा आलाय?" दादांनी विचारलं.

"ब्येस आलाय. दादा, यो फोटू मला द्या."

दादा खुलले. "घेऊन जा! घरात लावणार?"

"न्हाय. गेटावरल्या वॉचमनला दावते. त्यो म्हंतो, हितं वाट कदी नव्हतीच."