अपघाताआधी ह्यांना किती आठवायचं

धडधाकट माणसाचे किस्से कुणी जमवून ठेवत नाही. आमच्या मालकांचे मला डॉक्टरबाईंनी जमवायला लावले. आता जो भेटेल तो एक नवा देऊन जातो.

मालक कुस्तीच्या मैदानात माईकवरून पैलवानांच्या जोड्या पुकारतात. मलकापूरजवळ गाडीवरून पडले, डोक्याला मार बसला. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पंधरा शब्द वाचून दाखवले, ह्यांना सहा आठवले. बाई म्हणाल्या, "आठवी शिकलेत ना? मग साधारण आहे. काळजी नको."

मी सातवी शिकलेली, पण म्हटलं, "मॅडम, हे साधारण कधीच नव्हते."

"मग आधी कसे होते? सांगणारी माणसं आणा."

लेकीला मांडीवर घेऊन तिथनंच ह्यांच्या तालमीला फोन लावला.

*

आधी तालमीचे वस्ताद आले. "मेढ्याच्या मैदानात वारा सुटला, आन् जोड्यांचा कागद उडाला. कमिटी रडकुंडीला आली. ह्यानं तोंडपाठ साठ जोड्या पुकारल्या. पैलवान, गाव, बाप, वस्ताद, समदं."

"कागद मिळाला का?" बाईंनी विचारलं.

"मिळाला की. त्यात दोन चुका हुत्या. ह्यानं बरोबर पुकारलं हुतं."

*

मग धाकटे भावजी. एका मैदानात म्हातारे पैलवान कोपऱ्यात बसलेले, कुणी ओळखेना. ह्यांनी माईकवरून त्यांची जुनी कुस्ती सांगितली, लहानपणी वडलांच्या खांद्यावरून बघितलेली. कुठला डाव, कितव्या मिनिटाला, सगळं.

म्हातारे उठून म्हणाले, "आरं, ही तर मी बी इसरलो हुतो."

"जिंकलेले का?" बाई म्हणाल्या.

"हारलेले. म्हणून तर इसरले," भावजी म्हणाले.

*

माझा किस्सा छोटा. माझं माहेर वडूजचं. लग्नात ह्यांना माझ्या सत्तर-ऐंशी नातेवाइकांची ओळख एकदाच करून दिली. वर्षानं जत्रेला गेलो, तर हे एकेकाला नावानं हाक मारतायत. मी एकीला काकू म्हटलं, तसं ह्यांनी कोपरानं ढोसलं. "मावशी हायत त्या. तुझ्याच."

बाईंनी कागदावरचं 'साधारण' खोडलं. "मग नुकसान मोठं आहे," म्हणाल्या.

माझंच खरं झालं, आणि तेच मला नको होतं. विचारलं, "आता उरलंय किती?"

"ते शब्दांवरून मला सांगता येणार नाही," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

*

बुधवारी वस्ताद तीन पैलवान घेऊन आले. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले. सकाळी काय खाल्लं, तेही सांगता येत नव्हतं. वस्तादांनी डोळ्यानं खुणावलं, तसा एकानं मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला. वॉर्ड दणाणला. नर्स धावत आली, लेक रडायला लागली.

हे वळले नाहीत. नुसत्या आवाजावरून म्हणाले, "कडेगावचा संतोष." वर आणखी, "उजवा खांदा दुखतोय त्येचा."

वस्ताद हसले. "छ्या. कालच दोन तास खेळलाय माझ्याम्होरं."

संतोष खाली बघत म्हणाला, "चार दिस झालं, वस्ताद. तुमास्नी सांगितलं न्हवतं."