सुमनताईंना न कळलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मम्मीला नाही, पप्पांना नाही, आणि मी सगळं सांगते असं जिला वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. मी मुळात कमी बोलते. कमी बोलणाऱ्यांबद्दल लोकांचा एक समज असतो — की ते खोटंही कमीच बोलत असणार. त्या समजाचा मला फार उपयोग झाला.

आमच्या घरात इंग्रजीतलं काहीही आलं की माझ्याकडे येतं. बँकेचं पत्र, मेडिक्लेमचे कागद, सोसायटीची नोटीस. मम्मी-पप्पा मराठी शाळेत शिकलेले; मला त्यांनी हौसेने इंग्लिश मीडियमला घातलं. मी भरायचं आणि त्यांनी खाली सही करायची. काय भरलं हे कधी कुणी विचारलं नाही. का विचारतील?

अण्णा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. अंबडच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, बरीचशी सेकंड शिफ्टला. डिमेन्शियात त्यांची माणसं गेली, माझं नाव गेलं, पण शिफ्ट राहिली. दुपारचे दोन वाजले की ते चपला शोधायचे आणि निघायचे. दाराला वरून कडी बसवली होती, तरी मम्मीला भरवसा नव्हता. दुपारी ती त्यांच्या शेजारी चटईवर पडायची — ओढणीचं एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं स्वतःच्या. अशी चार वर्षं. मी तेव्हा आतल्या खोलीत लॅपटॉपवर असायचे, कानात हेडफोन घालून. हेही सांगून टाकते.

मग एक दिवस मम्मीने गॅसवर पातेलं न ठेवताच दूध ओतलं. पिशवी रिकामी झाली तरी ती तशीच बघत उभी राहिली.

घरच्यांना थोडी विश्रांती मिळावी म्हणून अशा पेशंटना आठ-पंधरा दिवस ठेवून घेणारी केंद्रं असतात, हे मला तेव्हा शोधल्यावर कळलं. पहिल्या ठिकाणी मी फोनवर खरं सांगितलं — हो, रोज बाहेर जायला निघतात. ते म्हणाले, मग आम्हाला जमणार नाही. दुसरं केंद्र दिंडोरीच्या बाजूला होतं, द्राक्षबागांच्या मधोमध एक बंगला. त्यांचा फॉर्म इंग्रजीत होता. त्यात विचारलं होतं, पेशंट घराबाहेर निघून जातो का?

मी ‘नाही’वर खूण केली. घाईत झाली असती तर ती चूक म्हणता आली असती. पण मी तो प्रश्न दोनदा वाचला होता. पप्पांनी सही केली.

इथे थांबले असते तर — तर तुम्ही कदाचित मला समजून घेतलं असतं. आईसाठी केलं, म्हणाला असतात. म्हणून इथे थांबत नाही.

तिथे अण्णांना सुमनताई नावाच्या अटेंडंटकडे सोपवलं. पेठ तालुक्यातल्या, आधी द्राक्षाच्या छाटणीला जायच्या. हे काम बरं, सावलीतलं, म्हणाल्या. त्यांनी मला खूप काही विचारलं. भात मऊ लागतो का? झोपताना दिवा लागतो का? काय म्हणून हाक मारू? आणि शेवटी, “काही तरास देतात का बाबा?”

मॅनेजर मॅडम ऑफिसात पप्पांशी बोलत होत्या; खरं सांगितलं असतं तर ते त्यांच्यापर्यंत गेलं असतं. मी म्हणाले, “नाही. शांत आहेत.”

“मग काय टेन्शन नाय. माझ्या सासऱ्यापरीस बरे,” त्या म्हणाल्या आणि अण्णांचा हात धरून आत घेऊन गेल्या.

मम्मी चांदवडला मावशीकडे गेली. मावशीचा फोन आला की ही जेवायला उठते आणि परत झोपते, हिला तुम्ही केलंय तरी काय?

तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याचा टँकर आला. सुमनताईंनी फाटक उघडलं आणि नळी धरायला त्या मागे गेल्या. शांत माणसासाठी कोण फाटकाकडे लक्ष ठेवेल? अण्णा निघाले. संध्याकाळी फवारणीवाल्यांना ते एका बागेच्या कडेला पाण्याच्या चारीत पडलेले सापडले. खुबा मोडला होता. शिफ्ट चुकली, एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही केंद्राच्या ऑफिसात. पप्पा संतापले होते — ते बाहेर जातात हे आम्ही सांगितलं होतं ना? मॅडमनी फाइल उघडून फॉर्म फिरवला. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. सुमनताई दाराशी उभ्या होत्या, रडून डोळे सुजलेले.

तेव्हा मी बोलले. इंग्रजीत बोलले, चांगल्या, स्वच्छ इंग्रजीत — की फॉर्ममध्ये माझ्याकडून चुकून राहिलं असेल, पण अटेंडंटला मी तोंडी स्पष्ट सांगितलं होतं.

मॅडमशी मी आधीही इंग्रजीतच बोलायचे, म्हणून तसं झालं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. दाराशी उभ्या असलेल्या बाईला कळू नये, म्हणून मी इंग्रजीत बोलले. वाक्य तोंडातून निघायच्या आधी मला हे माहीत होतं. आणि मॅडमनी शंका घेतली नाही. पप्पांनीही नाही. मी कशाला खोटं बोलेन?

सुमनताईंना काढलं. मॅडमनी पप्पांना फोन करून ते सांगितलं, आमचं समाधान व्हावं म्हणून. पेशंट निघून गेला म्हणून काढलेल्या बाईला दुसरं केंद्र कशाला घेईल? अण्णा पुन्हा चालले नाहीत. चार महिने अंथरुणावर होते, पाठीला जखमा झाल्या, मग गेले. मम्मी त्यानंतर एक दिवसही घराबाहेर राहिली नाही. “मी झोपत बसले तिकडे,” असं ती अजून म्हणते. मी ऐकते.

मी सुमनताईंना शोधलं नाही. अवघड नव्हतं. केंद्रातल्या कुणालाही विचारलं असतं तर गाव कळलं असतं.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी ऑफिसातून आम्ही निघालो तेव्हा सुमनताई माझ्या मागे पायरीपर्यंत आल्या. ‘अटेंडंट’ एवढा शब्द त्यांना ओळखता आला होता. आत मॅडमना विचारायची त्यांची हिंमत झाली नसावी. मी वयाने लहान, शांत — माझ्याशी बोलायला त्यांना भीती वाटली नाही.

“ताई,” त्यांनी हळूच विचारलं, “माझं नाव का निघालं?”

मी म्हणाले, “काही नाही. असंच.”

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.