फोन आमच्या घरी, शब्द सरांकडे

आमच्या बोळात घरांना दारं आहेत, पण ती लावायची पद्धत नाही. त्यामुळं कुणाकडं काय शिजलं आणि काय करपलं, दोन्ही कळतं. किस्से साठत जातात. हसायचे सांगून संपतात, बाकीचे तेवढे घरात राहतात. देसाई सरांचे हे त्यातले.

सर हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. बायको लवकर गेली. एकुलत्या नीतानं बेंगलोरच्या मुलाशी लग्न केलं, इंग्लंडला गेली, आणि सरांनी तिच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

सत्त्याण्णव साली आणखी एक पत्र आलं. मी आमटीची वाटी घेऊन गेले. वाटी आपली निमित्ताला, पत्र बघायचं होतं! तर सर चक्क वाचत बसलेले. नातीचं होतं, मीराचं. वय वर्षं सात. शाळेत प्रत्येकानं आपले आजोबा कुठले ते लिहायचं होतं. तिनं विचारलेलं, लंडनच्या माणसाला लंडनर म्हणतात, मग कोल्हापूरच्या माणसाला काय?

"बघा वहिनी, प्रश्न कसा नेमका विचारलाय!"

नीता गेल्यापासून सरांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

*

"कोल्हापुरी लिवा की!" मी म्हटलं.

"कोल्हापुरी चप्पल असते, वहिनी. मिसळ असते. त्या रांगेत मी उभा राहू?"

मी सातवी शिकलेली, उठून निघाले. वाटी मात्र तिथंच विसरले. म्हणजे दुसऱ्या दिवशी परत जाता आलं!

*

बोळभर झालं. करणारी मीच.

संध्याकाळी कट्ट्यावर तालमीच्या वस्तादांनी निकाल दिला, "सर, सरळ 'टायगर' लिवा. मॅटर खल्लास!"

हुपरीचे चांदीवाले अण्णा आमच्याच बोळात राहायचे. पैंजणं घेऊन दुबईला जाऊन आलेले. ते म्हणाले, "तिकडं असलं कोण इचारत न्हाय. मला म्हणाले, कुठलं? मी म्हटलं, निअर बॉम्बे."

कट्ट्याला झोंबलं!

"निअर?" वस्ताद उठूनच उभे राहिले. "एष्टीत बसा जावा, कंबरेचे टाके ढिले झाले की मग सांगा निअर!"

आठ दिवस अण्णांना कुणी चहा विचारला नाही.

*

बोळात फोन एकट्या आमच्याकडं. सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर, पुढं 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. निरोप सांगताना मी जरा हात फिरवायची. 'येणार न्हाय'चं 'बघतो म्हणालेत' करायचं. 'पोरगी पसंत न्हाय'चं 'पत्रिका जुळंना' करायचं. कुणाचं मन कशाला मोडा! माझ्या फोनवरनं कधी भांडण झालं नाही, याचा मला केवढा अभिमान.

एका रविवारी नीताचा फोन आला. "काकू, बाबांना बोलवता? मीरा उत्तराची वाट बघतेय."

मी पळतच गेले. सर टेबलाशी, डिक्शनरी उघडी.

"शब्द सापडला की लिहितो म्हणाव."

"शब्द ऱ्हाऊ द्या सर, दोन मिन्टं पोरीशी बोला की!"

"अपुरं उत्तर मी पोरांकडून कधी घेतलं नाही, वहिनी. नातीला देऊ?"

परत आले. रिसीव्हर कानाला लावला आणि तोंडातनं गेलंच, "अगं, उत्तर कालच पोस्टात टाकलंय त्यांनी!"

पलीकडं मीरा ओरडलेली ऐकू आली. आनंदानं.

*

महिन्यानं परत फोन. "मिळालं नाही हो, काकू."

"परदेशी टपाल, लागतोय वेळ!"

तिसऱ्यांदा मी पोस्टालाच शिव्या घातल्या. चौथा फोन आला नाही.

सरांना यातलं मी काही बोलले नाही. ते दारातनं जाता-जाता विचारायचे, "फोन आला होता का?"

"लाईन खराब हाय सर. येईल की."

आणि सर परत डिक्शनरीकडं.

*

तीन वर्षांनी सर गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. नीता आली, मीराला घेऊन. कट्टा सगळा दारात उभा.

टेबलाच्या खणात कागदांचा गठ्ठा निघाला. नीता एकेक वाचायला लागली. सगळ्या कागदांवर एकच पत्र! डिअर मीरा, तुझा आजोबा — आणि पुढं मोकळी जागा. खाली रंकाळा, म्हशीचं धारोष्ण दूध, नीताचं लहानपण. आईला घेऊन ये, असंही. सहीसुद्धा केलेली. जागा तेवढी मोकळी.

वस्तादांनी टोपी काढून डोळे पुसले. "एवढ्यासाठी व्हय, सर?"

मीरा माझ्याकडं बघत होती. दहा वर्षांची, मराठी थांबत-थांबत.

"तू फोनवाली आजी?"

"व्हय बाळ."

"शाळेत मी पण जागा मोकळी ठेवली. टीचरला सांगितलं, आजोबांचं पत्र पोस्टात आहे. मी रोज पोस्टमनला विचारायचे."

नीतानं हातातले कागद खाली ठेवले आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "जेवूनच जायचं हं."