वीस गाई आणि चाळीस किलोमीटर

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून मी एकट्याने माउंटन बाईक चालवली, हे खरं आहे. किती चालवली हे कोणी विचारू नये असं मला मनापासून वाटे, पण बडोद्यातले लोक नेमकं तेच आधी विचारतात. परत आल्यावर लहरीपुऱ्यातल्या फरसाणवाल्याला मी वीस किलोमीटर सांगितले. रावपुऱ्यात घराखाली शेजाऱ्यांसमोर त्याचे तीस झाले. छाणीला धाकट्या भावाकडे पोचेपर्यंत चाळीस, कारण धाकट्या भावाला कमी आकडा सांगून कसं चालेल? फरसाणवाला तर पापडी तोलायची थांबवून म्हणाला होता, "काका, एकला? आ उंमरे?" एकट्याने, आणि तेही या वयात! त्या ‘एकला’ने माझी छाती जी फुगली ती काही केल्या खाली येईना.

आता खरं काय झालं ते सांगतो. आम्ही नवराबायको मुलीकडे तीन महिने राहायला गेलो होतो. तिला सातवा महिना लागला होता. ती आणि जावई सकाळी कामाला जात, बायको स्वयंपाकघराचा ताबा घेई आणि मी खिडकीतून समोरची टेकडी बघत बसे. जावयाची सायकल मागच्या पडवीत उभी होती. जाड दातेरी टायर, चोवीस की सत्तावीस गिअर. आमच्या घराण्यात पूर्वी सरकारी फौजेतले घोडेस्वार होते असं सांगतात, तेव्हा सायकल म्हणजे काय, असा विचार करून एका सकाळी डोक्यावर टोपी चढवून मी सायकल बाहेर काढली. बायको वर आंघोळीला गेली होती. विचारलं असतं तर ती गुडघ्याचं नाव काढून नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

जावई सहा फुटांचा, त्यामुळे सीटवर बसलो की माझे पाय जमिनीला लागत नव्हते. चढायला दगड लागे आणि उतरायलाही. म्हणजे एकदा निघालो की पुढचा सोयीचा दगड दिसेपर्यंत थांबायची सोय नाही. पण पहिला तासभर मी राजा होतो. दगडी कुंपणं, ओली हिरवी कुरणं, लांबवर मेंढ्या, आणि माणूस औषधालाही नाही. बडोद्यात मला आयुष्यात एवढी रिकामी वाट मिळाली नव्हती. मी मोठ्याने गात होतो.

मग एक लाकडी फाटक आलं. पाटीवरून कळत होतं की वाट शेतातूनच जाते आणि फाटक मागे लावून घ्यायचं. मी लावलं, आणि पुन्हा चढायला दगड दिसेना म्हणून सायकल हातात धरून चालू लागलो. अर्ध्या शेतात गेल्यावर मागे धपधप आवाज आला. वळून बघतो तर वीस गाई. गाई म्हणजे वयात येणारी दांडगी वासरं, पण प्रत्येकीची उंची माझ्या खांद्याइतकी. मी थांबलो की त्या थांबत, मी निघालो की त्या निघत.

रावपुऱ्यात मी पन्नास वर्षं गाईंमधून स्कूटर काढली आहे. रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गाईला ‘हट’ म्हटलं की ती निदान शेपटी तरी बाजूला घेते. इथे मी मराठीत ओरडलो, गुजरातीत ओरडलो, शेवटी इंग्रजीत ‘प्लीज’ म्हणालो. त्या आणखी जवळ आल्या. मग मात्र घोडेस्वाराच्या वंशजाला पळता भुई थोडी झाली. सायकल तिथेच टाकून मी पुढच्या फाटकावरून उडी मारली आणि पलीकडच्या खाजकुयलीसारख्या झुडपात पडलो. दीड तास मी फाटकापलीकडे बसून होतो आणि त्या सायकलचं हँडल चाटत होत्या.

शेवटी ऐंशीच्या घरातल्या एक बाई कुत्रा घेऊन आल्या. त्यांनी कुत्रा माझ्या हातात दिला, काठी टेकत आत गेल्या, दोन गाईंच्या पाठीवर थोपटलं आणि सायकल घेऊन आल्या. मला त्यांच्या घरी नेलं, हाताला मलम लावलं, चहा पाजला आणि दुसऱ्या, जवळच्या वाटेने मुलीच्या दारापर्यंत सोडलं. बायकोने दार उघडलं. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून त्या बाईंनी डोक्यावर दोन बोटांची शिंगं करून दाखवली आणि मग माझ्या पळण्याची नक्कलही केली. बायको हसली नाही. "हात धुवा, जेवायला बसा," एवढंच म्हणाली.

सगळे मिळून साडेसहा किलोमीटर झाले असतील. त्यातले दीड परत येतानाचे, सायकल हातात धरून.

तर बडोद्यात हे फक्त माझ्या बायकोला माहीत होतं. तिने तोंड उघडलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं, आणि हे तिलाही माहीत होतं. पाहुण्यांसमोर माझे चाळीस किलोमीटर रंगात आले की ती चहाचा ट्रे घेऊन येई आणि निरागस चेहऱ्याने विचारी, "दूध गाईचं आहे, चालेल ने?" माझा एखादा डोंगर तरी त्यासरशी कमी होई.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या मंडळाचे चिटणीस घरी आले. "काका, शुक्रवारी संध्याकाळी तुमचं भाषण ठेवलंय. विषय, ‘एकट्याने इंग्लंड’. पाक्कं ने?" मी आढेवेढे घेतले, पण जेवढे शोभेसे घ्यावे तेवढेच.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. बायको बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती. मी पाऊण तास बोललो. उतार आले, दरी आली, धुकं आलं. एक ओढा तर मी तिथल्या तिथे तयार केला आणि पारही केला.

आमच्या मंडळात भाषणानंतर तोंडी प्रश्न विचारत नाहीत. कोरे कागद वाटतात, नाव न घालता प्रश्न लिहायचा, आणि चिटणीस ते ताटात गोळा करून वक्त्यापुढे ठेवतात. ही पद्धत बहुधा भांडणं टाळायला निघाली असावी. पहिल्या चिठ्ठीत होतं, वाटेत चहा मिळतो का. दुसरीत, पंक्चर कोण काढतं. तिसरी उघडली आणि अक्षर ओळखलं. आमच्या घरात लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर तेच अक्षर आहे.

आता गाई येणार, असं वाटलं. पण गाईंचा उल्लेखच नव्हता. लिहिलं होतं, ‘निघताना घरी सांगितलं होतं का? घरच्यांनी चार तास काय करायचं?’

मी ते मोठ्याने वाचलं. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "ही चिठ्ठी नक्की कोणाच्या तरी बायकोची." मला थाप मारता आली असती, तोंडात तयारही होती. पण तिसऱ्या रांगेत ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात चेष्टा अजिबात नव्हती. मला फार लाज वाटली. मी म्हणालो, "नव्हतं सांगितलं." आणि एकदा खरं बोलायला सुरुवात झाली तसं साडेसहा किलोमीटर, वीस गाई, झुडूप, म्हातारी बाई, सगळं बाहेर आलं. सभागृह इतकं हसलं की चिटणिसांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. भाषणाचा तेवढाच भाग रंगला, असं नंतर बटाटेवडे खाताना सगळ्यांनी मला तोंडावर सांगितलं.

घरी जाताना स्कूटरवर ती मागे बसली होती. मी म्हणालो, "झालं ना तुझं समाधान? अब्रू गेली माझी."

"मला गाईंचं काही नव्हतं," ती म्हणाली. "मुलीला फोन करता येईना. तिला सातवा महिना, घाबरली असती. मी सात घरांची दारं वाजवली. मोबाईलमध्ये तुमचा फोटो दाखवला. कुणाला काही कळेना. मग टेकडीकडे चालत गेले. त्या शेतात तुमची टोपी पडली होती, चिखलात, गाईंच्या पायाखाली. ती घेऊन आले. तुमच्या आधी दहा मिनिटं घरी पोचले होते."

मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. ती टोपी हरवली असं मी तीन महिने समजत होतो.

"त्या गाईंमधून गेलीस तू? त्या मागे नाही लागल्या?"

"लागल्या ने. वीसच्या वीस. पण मी पळणार कुठे? तुम्ही सापडायचे होतात."